वाटेवरच्या बाया, वाटेवरचं गाव

(कबनूर येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

  

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमता, त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्यापेक्षा या पहिल्या रांगेला जास्त आहे. म्हणून मी थेट विषयावर येते. पत्रिकेत विषय जरा भारदस्त छापलाय, ‘स्थलांतराच्या वाटेवरील स्त्रिया’. तो वाचून एका संयोजकांनी मला फोनवर विचारलं, "मॅडम, तुम्ही मेक्सिकोवर बोलणार का लिबियावर?" मी म्हटलं, सुरुवात मेक्सिकोपासून करते, पण मुक्काम कबनूरलाच.

तर मेक्सिको. होंडुरास, ग्वाटेमाला, एल साल्वादोर हे मध्य अमेरिकेतले छोटे देश. तिथल्या हजारो बायका गरिबीला, गुंडांच्या टोळ्यांना, घरातल्या मारहाणीला कंटाळून अमेरिकेच्या दिशेनं निघतात. मधे मेक्सिको लागतो. तिथं त्यांना राहायचं नसतं, नुसतं पार व्हायचं असतं. आणि लूट, अपहरण, बलात्कार हे सगळं याच मधल्या पट्ट्यात होतं. आता ऐका. घर सोडण्यापूर्वी त्यांतल्या कित्येकजणी दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन घेतात. तीन महिने पुरणारं, दिवस न राहण्याचं. नवरा बरोबर नसतो तरी घेतात. कशासाठी? वाटेत अत्याचार होणार हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. तो टाळणं हातात नाही. निदान पोट राहू नये, एवढं हातात आहे.

हे ऐकून आपण चुकचुकतो. काय तो देश, काय ती माणसं! जरा थांबा.

२०१९ च्या जूनमध्ये आपल्या विधान परिषदेत एक आकडा सांगितला गेला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मग बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरातल्या जवळजवळ सतरा. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगट वेगळे, मान्य. पण तीन कुठं आणि सतरा कुठं!

त्या बाईनं पिशवी का काढली? आजार होता, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, पैसे उकळले, हे सगळं खरं आहे. पण तिच्या तोंडून ऐकलं तर आणखी एक कारण येतं. पाळी आली की काम होत नाही, काम झालं नाही की खाडा पडतो. तिकडची बाई वाटेला लागण्यापूर्वी इंजेक्शन घेते, आपल्याकडची पिशवीच काढून ठेवते. दोघींनीही प्रवासाच्या अटीप्रमाणं स्वतःच्या अंगात बदल करून घेतलाय. एकीचा तीन महिन्यांत ओसरतो. दुसरीचा?

आणि ही दुसरी कुठल्या देशातून जाते? आपल्या. तिच्यासाठी मधला देश म्हणजे हातकणंगले तालुका, शिरोळ, कागल, करवीर. हे मला आज सांगायचंय.

दसरा झाला की बीडमधल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. राज्यात असे आठ-दहा लाख तरी मजूर असतील असा अंदाज सांगतात. सहकारी साखर कारखान्यांबरोबर ही वाट पडायला लागली आणि १९७२ च्या दुष्काळानं ती कायमची मळली. बरोबर भांडी, ज्वारीचं पोतं, शेळी, कोंबड्या, तान्ही मुलं. म्हाताऱ्यांना घरी ठेवतात. दिवाळी कधी गावात होते, कधी वाटेत, कधी उसाच्या फडात.

या व्यवहाराचं गणित इथल्या उसवाल्यांना पाठ आहे, पण मागं उभ्या असलेल्या पोरांसाठी सांगते. हंगामाआधी टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, पन्नास हजारांपासून लाखाच्या वर. ती एका कोयत्याला असते आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा असेल तर अर्धा कोयता, उचल निम्मी. म्हणून पोरगा सोळा-सतराचा झाला की त्याचं लग्न लावायची घाई. आणि पोरगी तेरा-चौदाची झाली की तिचंही, कारण आईबाप सहा महिने फडावर, तिला मागं कुणाच्या जिवावर ठेवायची? बालविवाहावर भाषणं देताना आपण आईबापांना शहाणपण शिकवतो. त्यांना शहाणपण कमी नाही. त्यांच्यापुढं ठेवलेला व्यवहारच तसा आहे.

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाला. वाढ चांगलीच, पण हा दर दोन माणसांचा. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. मोळी तीस-चाळीस किलोची. नऊ महिन्यांची गरोदर बाईसुद्धा त्या फळीवर चढते. एक दिवस गेली नाही तर पाचशे रुपये खाडा, कुठं त्याहून जास्त. आणि खाडा दोघांचाही धरतात, कारण कोयता एकट्याचा चालत नाही. आजारी ती, दंड दोघांना. मग घरात तिच्या आजाराला किंमत काय उरणार, हे इथल्या बायकांना मी वेगळं सांगायला नको.

आता मला सांगा, ती नोकर कुणाची? कारखान्याला विचारा. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी उचल दिली तिच्या नवऱ्याला. नवऱ्याचा अंगठा कागदावर आहे. तिचा? तिचा अंगठा कुठंच नाही. सहा महिने अर्धं काम तिचं, स्वयंपाक सगळा तिचा, पोरं तिची, आणि या अख्ख्या साखळीत तिचं नाव एका कागदावर नाही. उद्या फडात तिच्यावर कुणी हात टाकला तर ती तक्रार कुणाविरुद्ध करणार आणि कुणाकडं? २०१३ च्या कायद्यानं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी असंघटित बायकांना जिल्ह्याची स्थानिक समिती दिलीय. आपल्या जिल्ह्यातही ती असायला हवी. या सभागृहात किती जणांना तिच्या अध्यक्षांचं नाव माहीत आहे? मी हात वर करायला सांगत नाही. मला ठाऊक आहे काय होईल.

गेल्या हंगामात इथून जवळच तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेले होते. संध्याकाळी सातचा सुमार. तिशीच्या आतबाहेरची एक बाई नुकतीच फडावरून आलेली. हातावर उसाच्या पात्यांचे बारीक काप, त्यात काळी घाण बसलेली. आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं पीठ मळून ठेवलं होतं आणि धाकट्याला साडीच्या झोळीत निजवलं होतं. अंघोळीसाठी गाडीच्या साट्याला दोन साड्या बांधल्या की न्हाणीघर, तेही अंधार पडल्यावर. पाणी शेतकऱ्याच्या मोटारीचं, लाईट असेल तेव्हा. तिनं पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत दवाखान्याचे कागद, आधार कार्ड आणि कुंकवाचा करंडा, सगळं एकत्र.

"पिशवी काढली तवा डागदर म्हणला, जड उचलू नको सहा महिने. म्या म्हणलं, बरं. घरी आल्यावर मालक म्हणले, पैसे मुकादमाकडून घेतलेत ऑपरेशनला. मग आले दोन महिन्यात."

कळलं का? ऑपरेशनचा खर्च उचलीतून. उचल फेडायला पुन्हा फडावर. आणि अंडाशयंही काढलेली असली तर तिशीतच पाळी जाऊन कंबर, हाडं, झोप सगळ्याचा निकाल. ज्या कामासाठी पिशवी काढली, ते काम करायची ताकदच त्या ऑपरेशननं नेली.

मी विचारलं, इथल्या आशाताई येतात का? ती हसली. "येतेत की. पोलिओच्या टायमाला."

या उत्तरावर मी बराच विचार केलाय. पोलिओच्या मोहिमेत आपल्या सरकारनं वीटभट्ट्या, कारखान्याच्या कोप्या, पुलाखालची पालं अशा जागांच्या याद्या केल्या. डोस घेऊन माणसं तिथंवर गेली, पोरांच्या बोटांना शाई लावली. म्हणजे ती सापडते! उसाच्या ट्रॅक्टरमागून, शिवाराच्या टोकाला, अंधारातसुद्धा सापडते. मग तिचं पोर सापडतं आणि ती का सापडत नाही? गरोदर असताना का नाही सापडत? लोहाच्या गोळ्यांना का नाही सापडत? पोलिओ आमच्या पोरांनाही झाला असता, म्हणून तिथवर गेलो का? जरा कडू बोलते आहे, पण बोलू द्या.

ती बाई लग्न झाल्यापासून इकडं येते. तिच्या वस्तीवर वीस-वीस हंगाम केलेल्या बायका आहेत. वीस हंगाम, दर हंगामाला सहा महिने. दहा वर्षं झाली की हो! दहा वर्षं हातकणंगले तालुक्यात राहिलेल्या बाईला आपण काय म्हणतो? बीडवाली. टोळीवाली. आपल्या गावातली एखादी सून दहा वर्षं नांदली तर तिला सरपंच करायला निघतो आपण. हिचं रेशन तिकडं, कारण कार्ड म्हाताऱ्यांजवळ. आता धान्य कुठल्याही दुकानात मिळतं, हे खरं. पण एका कार्डावर तिकडं सासू जेवते आणि इकडं सून, तर धान्य कुणी उचलायचं? तिचं मत तिकडं, अंगणवाडीतलं नाव तिकडं. तिकडचा ग्रामसेवक म्हणतो, ती कोल्हापूरला गेलीय. इकडचा म्हणतो, ती आमची नाही.

त्यातून टोळ्या दोन तऱ्हेच्या. बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ तळ देऊन राहतात, त्या निदान दिसतात तरी. ट्रॅक्टरवाली टोळी फड संपला की पुढच्या शिवारात. आज या गावात, पंधरा दिवसांनी तिसऱ्याच. कधी ओढा ओलांडला की कर्नाटक. निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, संकेश्वरचा हिरण्यकेशी हे कारखाने काही परदेशात नाहीत. इथून बोरगाव किती लांब? पण कायद्याची गंमत बघा. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून शिरोळला आलेली बाई त्यात बसतच नव्हती, बोरगावला गेली की बसायची. पुढं तो २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. कोपीतल्या बाईच्या आयुष्यात यानं काय फरक पडला, ते विचारायला कोपीत जावं लागतं.

एकदाच असं झालं की ही माणसं सगळ्यांना दिसली. एप्रिल २०२०. टाळेबंदीनं त्यांना वाटेतच अडवलं. हंगाम संपला, काम संपलं, गाड्या बंद. तेव्हा अचानक मंत्री बोलले, कलेक्टर बोलले, यादी झाली, तपासणी झाली, गाड्या सोडल्या. काही दिवसांत लाखांवर माणसांची नोंद झाली. होते नोंद! मग नेहमी का होत नाही?

आता तुमच्या बाजूनं बोलते, नाहीतर म्हणाल पुण्याहून येऊन आम्हालाच शिव्या घालून गेली. मी पुण्याची नाही, पण ते असो. टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एंट्री असे वरचे पैसे तुम्हाला द्यावे लागतात, नाहीतर ऊस वाळतो. उचल घेऊन मुकादम आलाच नाही म्हणून या जिल्ह्यातले वाहतूकदार देशोधडीला लागलेत, घरं विकलीत, काहींनी जीवही दिलाय. हे दुःख खोटं नाही. पण त्या पैशातला रुपया तिच्या हाती आला का? उचल बुडवली मुकादमानं आणि वसुलीसाठी कोंडून ठेवलं तिच्या नवऱ्याला, असले गुन्हे पोलिसांत नोंद आहेत. भांडण तीन पुरुषांचं, झळ तिला.

बाहेरच्या माणसाशी आपण कसं वागतो हे बघायला यंत्रमागाबद्दल थोडं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या भागात बाहेरून माणूस येतोय. आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा कामगार मागावर आहे आणि कांडी भरायला बसलेली बाई बहुतेक इथलीच किंवा इथं वसलेली. हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळं व्याख्यान लागेल. मुद्दा एवढाच, की कबनूरला परका माणूस नवा नाही. मागावरच्या परक्याला आपण भाड्यानं खोली देतो, किराणा उधार देतो, त्याच्या पोरांना शाळेत घेतो. कोपीतल्याला का नाही? तो जाणार आहे म्हणून. जाणाऱ्याशी नातं कशाला जोडायचं?

इथं मला पुन्हा मेक्सिकोत जायचंय. वेराक्रूझ प्रांतात ला पत्रोना नावाचं एक खेडं आहे. उसाचाच मुलूख. गावाजवळून मालगाडी जाते आणि तिच्या टपावर बसून मध्य अमेरिकेतली माणसं उत्तरेकडं निघालेली असतात. १९९५ मध्ये गावातल्या दोघी बहिणी दूध-पाव घेऊन घरी चालल्या होत्या. गाडीवरून हाका आल्या, भूक लागलीय. त्यांनी हातातलं वर फेकलं. घरी आता आई रागावणार म्हणून धास्तावल्या. आईनं दुसऱ्या दिवसापासून भात-घेवडा शिजवायला घेतला. तेव्हापासून त्या गावातल्या बायका रोज जेवण बांधून रुळाकडेला उभ्या राहतात, धावत्या गाडीला पिशव्या पोचवतात. २०१३ मध्ये त्यांना देशाचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला. मला त्यात आवडतं ते हे, की त्या कुणाला विचारत बसल्या नाहीत, ही माणसं आमची का होंडुरासची. गाडी आमच्या गावावरून जाते, एवढं त्यांना पुरलं.

आपल्याकडं याहून मोठं घडून गेलंय. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, १९०१ पासून. बाहेरगावचं पोर शिकायला आलं तर राहील कुठं, जेवील काय, हा प्रश्न संस्थानानं स्वतःचा मानला. आणि इथं शेजारी गंगानगरला साखर कारखाना उभारणारे रत्नाप्पाण्णा कुंभार कोण होते? संविधान सभेचे सदस्य. भारतीय नागरिकाला देशात कुठंही फिरण्याचा, कुठंही राहण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेवर सही करणारा माणूस याच मातीतला. त्या हक्काच्या जोरावर बीडची बाई इथं येते. येण्याचा हक्क दिला, पण आल्यावर संडास कुठं, हे घटनेत लिहिलेलं नसतं. ते ग्रामपंचायतीनं बघायचं असतं.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलंय. मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातल्या लेखावरून स्वतःहून दखल घेतली. पण बघा, यातलं बरंचसं ती जिथून निघते तिथं आहे. ती जिथं सहा महिने जगते तिथं काय आहे?

म्हणून माझं मागणं मुंबईकडं नाही, या सभागृहाकडं आहे. पुढच्या दसऱ्याच्या आत ग्रामपंचायतीनं एक वही घालावी. शिवारात किती कोप्या, किती बाया, किती गरोदर, किती तान्ही. आशाताईंना त्या वहीप्रमाणं महिन्यातून एकदा पाठवावं आणि त्यांना त्याचा भत्ता मिळेल असं बघावं, फुकट राबवू नये. कोप्यांजवळ पाण्याचा नळ, दोन-चार फिरते संडास, एक दिवा. पोरांना चालू वर्षाच्या मधेच जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू द्यावं, दाखला नंतर येईल. स्थानिक समितीचा फोन नंबर ट्रॉलीच्या पाठीवर रंगवावा, जिथं आपण ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ रंगवतो त्याच्याच खाली. आणि इथं बसलेल्या कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत एकच ठराव मांडावा, की तोडणीच्या करारात बाईचं नाव आणि सही वेगळी हवी आणि आजारपणाला, पाळीला, बाळंतपणाला खाडा धरायचा नाही. दराचा ठराव मांडताना आवाज चढतो आपला, मला माहीत आहे. तेवढाच चढवा.

आता प्रश्नांसाठी वेळ ठेवलाय. उसाच्या दराबद्दल मला विचारू नका, त्यातलं इथं सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. सभागृहात कुणी मुकादम आले असतील तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.